निळीचं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोराला नाही. देवाला तरी सांगावं, तर औंढ्याला इतक्या खेपा झाल्या, हात जोडून उभा राहिलो, आणि दर वेळी दुसरंच काहीतरी पुटपुटून आलो. देवाला सगळं ठाऊक असतंच, मग सांगायचं काहून — अशी स्वतःची समजूत घातली आणि बाहेर येऊन चहा प्यालो.

मग आता काहून सांगतो? न्हाणी फोडली म्हणून. हसू नका. माणसाला कशानं कंठ फुटेल काही सांगता येत नाही.

मी कळमनुरीत टेलर होतो. होतो म्हणजे — मशीन आहे अजून, डोळे राहिले नाहीत. सुईत दोरा जाईना तेव्हा दुकान आवरलं. बायको रुक्मिण जाऊन बरीच वर्षं झाली. पोरगा पुण्याला, सूनही तिकडंच. घरात मी एकटा. एकट्या माणसाचं घर लवकर खराब होतं, कारण त्याच्यावर ओरडायला कोणी नसतं. न्हाणीतल्या शॉवरच्या कोपऱ्यात फरशी आधी पोकळ वाजायला लागली, मग खाली बसली. मी आपला पाय जपून टाकत अंघोळी उरकत राहिलो. मग एका सकाळी भिंतीच्या दोन टाइल्स सुटून पायाशी येऊन पडल्या. आत बघतो तर भिजलेला गिलावा. बोट लावलं की लापशीसारखा हातात येत होता.

मिस्त्री बोलावला. त्यानं इकडं ठोकलं, तिकडं ठोकलं, आणि असा आकडा सांगितला की मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. टेलरला कुठली आलीय पेन्शन? पोराला फोन केला असता तर त्यानं पैसे पाठवले असते, तेवढा तो वाईट नाही. पण पैशाबरोबर त्यानं नांदेडचा एखादा मिस्त्रीही पाठवला असता. आणि तो कोपरा दुसऱ्या कोणी फोडलेला मला नको होता. काहून नको होता, ते सांगतो. जरा दम धरा. मला सवय नाही असं बोलायची.

तर न्हाणी मीच फोडली. मोबाइलवर पोरं व्हिडिओ टाकतात ना, ते बघून बघून. छन्नी-हातोडी शेजारच्या गल्लीतून मागून आणली, घमेलं घरात होतं. रोज थोडं फोडायचं, कंबर धरून बसायचं, परत थोडं. नांदेड रोडला फरशीचं दुकान आहे, तिथं खोक्यात उरलेल्या, कोपरा उडालेल्या टाइल्स बाजूला टाकलेल्या असतात. त्या मिळाल्या स्वस्तात. एक पांढरी, एक पिस्ता, दोन फुलांच्या. न्हाणी म्हणजे गोधडी होणार हे दिसतच होतं, पण बघणार कोण? भिंतीच्या आतून गेलेला पाइप बंद करून टाकायचा, बाहेरून साधा प्लास्टिकचा आणायचा, शॉवर काढून टाकायचा, बादली-तांब्यावर भागवायचं. असा सगळा हिशेब मनात केलेला. आणि फोडत फोडत मी त्या कोपऱ्यात पोचलो, जिथं भिंत आणि फरशी एकमेकींना भेटतात.

तिथं मेण होतं. पिवळं पडलेलं, निम्मंअर्धं वाहून गेलेलं. आणि त्याच्या मागं गिलाव्यात निळी रेघ.

मी हातोडी खाली ठेवली आणि ओल्या राड्यातच बसलो. मला माहीत होतं ते तिथं असणार. मीच तर घातलं होतं. तरी बसलो.

आता मागचं सांगावं लागेल. हे घर आमच्या बापाचं. तो गेल्यावर मधोमध वाटणी झाली — रस्त्याकडचं अर्धं माझं, पलीकडचं धाकट्याचं, गंगाधरचं. मधली भिंत सामाईक. वाटणी मामांनी केली, आईच्या भावानं. तेव्हा त्यांनी बजावून सांगितलं होतं, की मधल्या भिंतीला कोणी छन्नी लावायची नाही. दोघांनी माना डोलावल्या. दोन्ही घरं गुण्यागोविंदानं नांदत होती. गंगाधर माझ्याहून बराच लहान. मीच त्याला शाळेत नेऊन घातलेला, त्याच्या लग्नाचा कोट मीच शिवलेला. माझा शब्द म्हणजे त्याला बापाचा शब्द. हे लक्षात ठेवा, कारण मी याच गोष्टीचा फायदा घेतला.

त्याची बायको सुमन. ती माझ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं, रीत होती. मी तिचा थोरला दीर — आमच्याकडं भासरा म्हणतात. भासऱ्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर ती रुक्मिणीला सांगायची, नाहीतर तिच्या लेकराला, कावेरीला, मधे उभं करायची — जा, मोठेबाबाला म्हणावं चहा झाला. मी दोन हातांवर बसलेलो असायचो, मला सगळं ऐकू यायचं, तरी कावेरी येऊन परत सांगायची. मला त्याचं कौतुक वाटे. घराण्याची रीत पाळणारी सून.

पुढं माझ्या पोरासाठी मुली बघायला लागलो. पाहुणे नांदेडचे, शहरातले. घरात न्हाणी आहे का, असं त्यांनी मध्यस्थाकरवी विचारलं. तोवर आम्ही अंगणात दगडावर अंघोळ करणारी माणसं. मला लाज वाटली. घाईघाईनं मागच्या खोलीत न्हाणी काढली, टाइल्स लावल्या, वर शॉवर. पाहुण्यांना दिसायला पाहिजे म्हणून पाइप भिंतीच्या आतून घेतला. त्या मधल्या भिंतीच्या आतून. गंगाधर कामावर, सुमन माहेरी, असा मोका साधून छन्नी लावली. मिस्त्री स्वस्तातला, कामही तसंच. कोपऱ्यात फट राहिली. पाणी पलीकडं उतरायला लागलं.

मला कसं कळलं? मी स्वतः जाऊन पाहिलं. गंगाधरच्या सासरी लग्न होतं, ती सगळी गेली होती, आणि किल्ली माझ्यापाशी होती. कोंबड्यांना दाणे टाकायला. सहज आत गेलो तर भिंतीला ओल. जिथं ते गाद्या रचून ठेवायचे बराबर त्याच्या मागं. ती माझ्याच न्हाणीची बाजू. तरी म्हटलं, खात्री करू. कपड्याची नीळ घेतली, न्हाणीच्या मोरीला बोळा लावला, पाणी तुंबवलं, त्यात नीळ कालवली. दुपारनंतर पलीकडं जाऊन पाहिलं. गंगाधरच्या भिंतीवर निळा डाग उमटला होता, तळहाताएवढा.

तेव्हाच सांगायचं होतं. इतकं सोपं होतं — गंगाधर, चुकलं बाबा, फोडून नीट करतो. तो काय म्हणाला असता? काहीच नाही. राहू दे दादा, पोराचं लग्न होऊ दे मग कर, असंच म्हणाला असता. मग मी काहून नाही सांगितलं? खूप विचार केलाय यावर. पैसे नव्हते, खरंय. पाहुणे येणार होते, खरंय. पण खरं सांगू? मामांना कळलं असतं की मी छन्नी लावली. आणि मी थोरला होतो. धाकट्यापुढं खाली मान घालायची माझ्या जिवावर आली. एवढंच होतं ते.

मी तो डाग खरवडला आणि वरून चुना फासला.

ती सगळी लग्नाहून आली. दोन-चार दिवसांनी गंगाधर पुढच्या खोलीतल्या माझ्या दुकानात आला, उगाच कापडाला हात लावत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, दादा, राग येऊ देऊ नको, पण सुमन म्हणून राहिली की तुझ्या न्हाणीचं पाणी आमच्या भिंतीत येतंय.

आणि मी भडकलो. चोर तो चोर, वर शिरजोर. माझ्यावर आळ घेता? मी काय तुमचं घर पाडायला बसलो? इतका ओरडलो की समोरचा पानवाला बघायला लागला. गंगाधर बिचारा मागं सरकत होता. पण माझं तेवढ्यावर भागलं नाही. मी म्हणालो, मामांना बोलाव. त्यांच्यादेखत नीळ टाकू पाण्यात. निळं आलं तर मी न्हाणी पाडतो. आणि न्हाई आलं तर?

त्यानं मामांना निरोप धाडला.

आता ऐका. बटणाच्या दोऱ्याला आम्ही मेण लावतो, दोरा पक्का होतो त्यानं. मेणाची वडी माझ्याकडं कायम असायची. मामा यायच्या आदल्या दिवशी रुक्मिण बाजाराला गेली तेव्हा मी ती पळीत वितळवली आणि कोपऱ्यातल्या फटीत ओतली. वरून पांढरं सिमेंट चोळलं. मेण गार पाण्याला धरतं आणि ऊन पाण्याला सोडतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी मी बंब पेटवलाच नाही.

मामा आले. मी स्वतः बादल्या ओतल्या, सगळ्यांसमोर नीळ कालवली. पाणी चांगलं निळंशार झालं. दिवसभर तसंच ठेवलं. मामा पलीकडं गंगाधरच्या खाटेवर बसून भिंतीकडं बघत राहिले, जेवले तिथंच, पडले तिथंच. दिवस कलला. भिंत पांढरी ती पांढरीच. मामांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, कोरडी ठक्क आहे.

मग गंगाधर सुमनवर ओरडला. मी त्याला कधी तिच्यावर ओरडताना ऐकलं नव्हतं. मामा होते, रुक्मिण होती, दारात शेजारच्या दोघी-तिघी जमल्या होत्या. तो म्हणाला, "भावाभावात आग लावून राहिली तू. धर दादाचे पाय."

ती दाराआडून आली. डोक्यावरून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. खाली वाकली, माझ्या पायांना हात लावला. आणि मला तिची बोटं दिसली. तिच्या नखात चुना होता. निळसर चुना. तिनं मी फासलेला चुना नुकताच, खाली कोपऱ्यात खरवडून बघितला होता. तिला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. मी नखाकडं बघितलं ते तिनं पदराआडून पाहिलं, आणि बोटं मुठीत घेतली.

ती तेव्हा बोलली असती तर? पण कोणाशी बोलणार? भासऱ्याशी बोलायचं नसतं. मामांपुढं बोलायचं नसतं. नवरा ऐकणार नव्हता. तिला बोलायला जागाच नव्हती, आणि हे मी सगळं धरूनच चाललो होतो. मी आशीर्वाद दिला तिला. सुखी राहा, म्हणालो.

त्या दिवशी रुक्मिण भाकरी थापताना म्हणाली, सुमनला मी वळखते, ती खोटं बोलणारी न्हाई. मी म्हणालो, मग मी खोटा का? तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, मरेपर्यंत नाही. कधी कधी वाटतं तिला कळलं होतं. विचारायची हिंमत झाली नाही.

थंडी पडली तसा बंब रोज पेटायला लागला. ऊन पाण्यानं मेण सुटलं. पुन्हा पाणी पलीकडं. मला वाटलं, आता गंगाधर येईल. तो आला नाही. कसा येणार? एकदा तोंडघशी पडलेला माणूस. तो सगळ्यांना सांगायचा, जमिनीची ओल हाय. आणि मी दुरुस्ती करू शकत नव्हतो, कारण न्हाणी फोडली असती तर आवाज पलीकडं गेला असता, आणि न गळणाऱ्या न्हाणीला छन्नी काहून लावली, असं कोणीही विचारलं असतं. खोटं तडीला न्यायचं तर पाणी गळतच ठेवावं लागत होतं.

कावेरी खोकायला लागली. भिंतीच्या पलीकडून ऐकू यायचं — आधी सकाळी, मग सकाळ-संध्याकाळ. लहान लेकराचा खोकला, छातीतून शिट्टी वाजणारा. मी मशीन जोरात चालवायचो. नांदेडच्या डॉक्टरनं विचारलं म्हणे, घरात ओल आहे का? हे मला गंगाधरनंच येऊन सांगितलं, आणि वर म्हणाला, काय करणार दादा, जागेचाच गुण. मी मान हलवली. मान हलवली मी.

पुढल्या वर्षी ते वारंगा फाट्याला राहायला गेले. गंगाधरचं टायरचं दुकान तिकडं होतं, ते जवळ पडेल असं त्यानं गावात सांगितलं. खरं कारण लेकराची छाती होती, सगळ्यांना माहीत होतं. जाताना घराची किल्ली त्यानं माझ्या हातात दिली. तुझ्यापाशीच बरी, म्हणाला.

आणि मग शांतता झाली. मला वाटलं होतं सुटलो. पण भिंतीपलीकडं भांडं वाजेना, सुमनची पोरीवरची ओरड येईना, गंगाधरचा रेडिओ नाही. पुढं पोरगा गेला, रुक्मिण गेली. जेवायला बसलं की घास चावल्याचा आवाज आपल्याच कानात येतो. एखाद्या दिवशी वाटायचं, तो खोकला तरी ऐकू यावा. असं वाटणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

तर मी न्हाणी नीट केली. मेण खरवडून काढलं, निळा गिलावा घमेल्यात भरून नाल्याकडं टाकून आलो. फट साफ केली, ओल वाळू दिली, पाणी अडवायचं औषध सिमेंटमध्ये घालून कोपरा भरला, मोरीकडं उतार दिला. फुलांच्या टाइल्स उलट्यापालट्या बसल्या आहेत. पण थेंब गळत नाही. इतकी वर्षं जे काम राहिलं ते एका म्हाताऱ्याच्या हातानं थोड्या दिवसांत झालं. पलीकडं ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून झालं.

यंदा कावेरीचं लग्न ठरलं. बरी आहे ती आता, फक्त थंडीत दम्याचा पंप ओढावा लागतो. हळद आणि देवक बापाच्या घरात व्हावं असं गंगाधरच्या मनात आलं. म्हणून तो आणि सुमन घर बघायला आले, रंगाऱ्याला घेऊन. मी किल्ली घेऊन गेलो. रंगाऱ्यानं मधल्या भिंतीवर बोटं वाजवली आणि म्हणाला, हिला बाजूच्या घराचं पाणी लागलेलं हाय, जुनं.

गंगाधर त्याच्यावर चिडला. "बाजूचं घर माझ्या भावाचं हाय. नीळ टाकून पाहिलंय आमी, माझ्या डोळ्यांनं. एक थेंब न्हाई." असं म्हणून त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग रंगाऱ्याला घेऊन ओसरी दाखवायला बाहेर गेला.

सुमन भिंतीपाशी उभी होती. तळहात भिंतीवर ठेवलेला. केस पांढरे झालेत तिचे. खोलीत आम्ही दोघंच, मधे उभं करायला लेकरू नाही, रुक्मिण नाही. मी निघणार तेवढ्यात ती बोलली. माझ्याशी. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

"दादा, भिंत वाळली."

हळू म्हणाली. रागानं नाही. आणि थांबली. पदर डोक्यावर होता, पण तोंड झाकलेलं नव्हतं, आणि ती माझ्याकडं बघत होती. तिनं मला जागा करून दिली होती. एवढी मोठी जागा मला कोणी कधी दिली नाही.

मी म्हणालो, "औंदा ऊन लई कडक होतं."

"व्हय," ती म्हणाली. हात भिंतीवरून काढला आणि बाहेर गेली.

लग्न जवळ आलंय. मांडवात मोठेबाबा म्हणून मी पुढं बसायचं असा गंगाधरचा हट्ट आहे, आणि मी बसणार आहे. सुमनला मी अजून काही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही तिला ओळखत नाही.